पोट आत घेणाऱ्या विहिरी

मापबाईंना खाणीवर कामाला घेतलं, तेव्हा तिथल्या मुकादमाने विचारलं होतं की विहिरींबद्दल तुम्हाला काय माहिती आहे. त्या म्हणाल्या, विहिरींबद्दल काही नाही, मापाबद्दल विचारा. मुकादम हसला आणि त्याने त्यांना आत पाठवलं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. निम्मं आयुष्य त्यांनी शिवणाच्या मशीनवर काढलं होतं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. खिडकीशेजारी उभा आरसा, टेबलावर खडूची पूड, गळ्यात कायम फीत. वस्तीतल्या एकूण एक माणसाची कंबर त्यांना तोंडपाठ होती. पुढे तयार कपड्यांची दुकानं आली आणि त्याच सुमारास सुईच्या नेढ्यातून दोरा जाईनासा झाला. जवळचं धूसर, लांबचं मात्र लख्ख. त्यांचा नवरा बेकरीत भट्टीवर असायचा. तो म्हणाला, मग आता लांबचं काहीतरी मोजत जा. त्याने चेष्टा केली होती, पण बाईंनी ती मनावर घेतली.

ही खाण म्हणजे डोंगर फोडून केलेली खाण नव्हे. नदीने फार पूर्वी कधीतरी कूस बदलली होती आणि तिच्या जुन्या अंथरुणात गोटे आणि भरड वाळू तशीच राहून गेली होती. ती काढायची म्हणजे खोल खड्डा करायचा, आणि खड्डा खोल गेला की त्यात पाणी येतं. पाण्यात यंत्रं उभी राहत नाहीत, म्हणून पंप लावून ते सतत उपसत राहायचं. इथपर्यंत कुणालाही कळेल. अडचण पुढे आहे. गोट्यांच्या थरात पाण्याला भिंती नसतात. खाणीचा खड्डा काय आणि वस्तीतल्या विहिरी काय, सगळ्यांनी एकाच पातेल्यात पळी घातलेली असते. एकाने सपाटून वाढून घेतलं की बाकीच्यांच्या बाजूचंही खाली जाणारच.

म्हणून खाणीला परवानगी देताना दोन अटी घातल्या होत्या. पहिली, आसपासच्या विहिरींतलं पाणी दर आठवड्याला मोजायचं. दुसरी, ते उतरायला लागलं तर खाण आणि वस्ती यांच्या मध्ये एक लांब चर खणायचा आणि उपसलेलं पाणी ओढ्याला न सोडता त्या चरात सोडायचं. तिथे ते जमिनीत जिरतं, आणि खड्डा व विहिरी यांच्या मध्ये जमिनीच्या पोटात पाण्याचाच एक बांध उभा राहतो. मग विहिरींचं पाणी खड्ड्याकडे धावत नाही. हा चर नकाशावर काढून ठेवलेला होता. तो खणायचा की नाही, हे विहिरी सांगणार होत्या.

पण विहिरींना विचारायला जाणार कोण? सुरुवातीला खाणीचा एक माणूस डोक्यावर हेल्मेट घालून दारोदार फिरला. लोकांनी फाटकं लावून घेतली. खाणीने खाणीचंच माप घ्यायचं, म्हणजे बोक्यालाच दूध मोजायला लावायचं, असं त्यांचं मत पडलं. एका घरातून त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं गेलं, तेही बिचारं म्हातारं, दोन पावलं धावून बसलं. तेव्हा मुकादमाला मापबाई आठवल्या.

बाईंना काम लगेच जमलं. चाकावर गुंडाळलेली लांब फीत, तिच्या टोकाला वजन, चाकात बझर. वजन पाण्याला टेकलं की बझर पीं करतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्याला आतून एक लाल रेघ मारलेली. फीत त्या रेघेला लावायची आणि आकडा वाचायचा. रेघ तीच, वार तोच, आणि मोजण्याआधी थोडा वेळ त्या विहिरीवरचा पंप बंद. शिवाय खाणीच्या काठाने जमिनीत उभ्या पुरलेल्या नळ्या होत्या, कुलूपबंद झाकणाच्या. त्यांतलंही पाणी मोजायचं. दर मंगळवारी सकाळी बाई निघायच्या त्या जेवणाला परत.

सगळ्यांत जवळच्या विहिरी दोन. एक त्यांच्या थोरल्या नणंदेची. ती एकटीने लाँड्री चालवायची. मागच्या अंगणात विहीर, विहिरीवर पंप, पंपापासून थेट धुण्याच्या मोठ्या मशीनपर्यंत पाइप. गावातल्या एका हॉटेलच्या चादरी आणि टॉवेल तिच्याकडे यायचे, आणि त्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर तिचा सगळा डोलारा उभा होता. दुसरी विहीर कुंपणापलीकडच्या नर्सरीवाल्यांची. हे गृहस्थ रोपांशी मऊ आवाजात बोलायचे आणि माणसांशी बोलताना त्यांना शब्द सापडायचे नाहीत. नणंद म्हणायची, यांच्याकडून उत्तर हवं असेल तर आधी कुंडीत जाऊन बसावं.

पहिले काही आठवडे लोक कुरकुरत मोजू द्यायचे. दारात उभं ठेवायचे, पंप बंद करायला वेळ लावायचे. बाईंना ते खटकलं. गिऱ्हाईक हसत आत आलं पाहिजे, हा त्यांचा दुकानातला नियम. त्यांनी मग एक युक्ती केली. किराणा दुकानाच्या बाहेर एक काळा फळा होता. त्यावर त्यांनी खडूने विहिरींचे नंबर लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीच्या पातळीपासून जी सगळ्यांत कमी हलली, तिचा पहिला नंबर.

फळ्याची जादू अशी झाली की पुढच्या मंगळवारी फाटकं आधीच उघडी. कुणी कठडा घासून ठेवलेला, कुणी विहिरीवरची वेल छाटलेली. बझर वाजला की घरातली माणसं कान टवकारायची. नर्सरीवाल्यांचा पहिला नंबर आला तेव्हा ते दुकानात काही न घेता दोनदा जाऊन आले. पुढच्या खेपेला नणंदेने बाजी मारली आणि आल्यागेल्याला ऐकवलं की काही विहिरी घराण्याच्या असतात. बाई मनात म्हणाल्या, चला, लोकांना गोडी तर लागली. घरी जाऊन नवऱ्याला त्यांनी आपली हुशारी सांगितली. तो म्हणाला, माझ्या बहिणीला तू शर्यतीत उतरवलंस, आता देवच त्या शर्यतीला वाचवो.

उन्हं तापत गेली तशी खाणही एक टप्पा खाली गेली. पंपांची संख्या वाढली. काठाच्या नळ्यांतलं पाणी उतरू लागलं, आधी हातभर, मग दोन हात. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते विहिरींचं वागणं. नणंदेची आणि नर्सरीवाल्यांची, या दोन विहिरी जागच्या हलायला तयार नव्हत्या. फळ्यावर एकदा ही पहिली, एकदा ती.

खाणीवरच्या इंजिनियर बाई वयाने लहान, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि केसांत खोचलेल्या दोनतीन रंगीत पेन्सिली. त्यांनी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. नळीतलं पाणी दोन हात खाली आणि तिथून हाकेच्या अंतरावरची विहीर जशीच्या तशी, याचा अर्थ मध्ये काहीतरी आडवं असलं पाहिजे. त्यांनी मापबाईंना समजावून सांगितलं की जमिनीत कधीकधी चिकणमातीचा थर असतो, त्यातून पाणी जात नाही. तसा थर खाण आणि वस्तीच्या मध्ये उभा असेल तर विहिरी सुरक्षित. त्यांनी नकाशावर तो थर पिवळ्या पेन्सिलीने रंगवला. छान सुबक निघाला होता, केळ्यासारखा बाकदार.

खाणीच्या मालकांना तो पिवळा रंग फारच आवडला. निसर्गानेच भिंत बांधली असेल तर चराची गरज काय? सोमवारी बैठक ठेवली. चर रद्द करायचा आणि उपसलेलं पाणी सरळ ओढ्याला सोडून खड्डा आणखी खोल न्यायचा, यावर त्यात शिक्कामोर्तब होणार होतं. मापबाईंनाही आनंद झाला. आपल्या वस्तीला काही होणार नाही, आणि मोजलं आपण, म्हणून त्या दोन दिवस ताठ मानेने चालल्या.

आदल्या रविवारी नणंदेचा निरोप आला की हॉटेलच्या पडद्यांच्या कडा उसवल्या आहेत, जरा टाके घालून दे. बाई दुपारी गेल्या. हा काही मोजायचा दिवस नव्हता, म्हणून अंगण नेहमीसारखं आवरलेलं नव्हतं. दोऱ्यांवर चादरी, बादल्या कुठेही, मशीन घरघरत होतं. हात धुवायला बाई विहिरीशी गेल्या आणि सवयीने आत वाकल्या.

पंपाचा पाइप राखाडी होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तो राखाडी पाइप अर्ध्यापर्यंत जाऊन संपत होता आणि त्याच्या खाली पांढरा, कोरा तुकडा जोडलेला होता. जोडावर काळी पट्टी गुंडाळलेली. कपड्याची शिलाई उसवून कुणी लांबी वाढवली असेल तर शिंप्याच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि विनाकारण लांबी कुणी वाढवत नाही, हेही शिंप्याला माहीत असतं.

"वन्सं, पाइप वाढवलात?"

"जुना झाला होता, बदलला."

"बदलला नाही, जोडलाय. जुना आहे तसाच आहे."

"शिवण दिसली की तुझा जीव तिथेच अडकतो, वहिनी. चहा घे."

बाईंनी चहा घेतला, पण खाली बसल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या. नणंदेला गप्प बसलेल्या माणसाचा फार त्रास होतो. तिने दोन चादरींच्या घड्या घातल्या, एक उलटी घातली, ती मोडली, आणि मग सगळं सांगून टाकलं.

पंप मध्येच हवा ओढू लागला होता. पाइपचं तोंड उघडं पडलं म्हणून तो वाढवून घेतला. आणि मंगळवारचं काय? दर सोमवारी संध्याकाळी नळाला पाणी येतं. तेव्हा ती टाकी भरायची, आणि दिवेलागणीला टाकीचा नळ सोडून ते सगळं विहिरीत ओतायची. विहीर जुनी, तळाला गाळ बसलेला, त्यामुळे ओतलेलं पाणी जिरायला वेळ लागतो. सकाळी वहिनीची फीत येईपर्यंत ते टिकतं. नळाच्या त्या पाण्यात एक दिवसाचं धुणं झालं असतं. पण ते धुणं नंतर, आधी नंबर.

मापबाईंना हसावं की रडावं कळेना. नणंद मात्र गंभीर होती. हा फक्त नंबराचा हट्ट नव्हता, तिने हळू आवाजात सांगितलं. विहीर आटतेय असं एकदा बाहेर पडलं की हॉटेलवाले म्हणणार, उद्या हिच्याकडे पाणी नसलं तर आमच्या चादरी कोण धुणार? आणि ते दुसरी लाँड्री बघणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काही बघितलं नाहीस, पडदे घे आणि जा.

आता बाई खाली बसल्या. त्यांना त्यांचं दुकान आठवलं होतं. मापाला उभं राहिलेला माणूस पोट आत घेतो. शिकलेला असो, अडाणी असो, पुरुष असो, बाई असो, फीत कमरेला लागली की श्वास आत. त्या मापाने शिवलं तर कपडा पहिल्या घासाला उसवतो. म्हणून त्या गिऱ्हाइकाला काहीतरी गमतीचं विचारायच्या, ते हसलं की पोट बाहेर, आणि तेवढ्यात माप लिहून घ्यायच्या. आयुष्यभर हे केलं, आणि विहिरींच्या बाबतीत मात्र त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून सांगितलं होतं की बघू, कोण सगळ्यांत बारीक. फळा त्यांचाच होता. नणंदेला काय बोलायचं?

त्यांनी नणंदेला चराची गोष्ट सांगितली. उद्या बैठक आहे. हे खोटं माप तिथे गेलं तर चर होणार नाही, खड्डा मात्र खोल जाईल.

"मग मी अजून एक तुकडा जोडीन," नणंद म्हणाली.

"किती जोडाल? विहिरीला तळ असतो, वन्सं."

मशीन फिरायचं थांबलं होतं. नणंदेने उठून दार उघडलं, ओल्या चादरी टोपलीत काढल्या आणि टोपली तशीच कमरेवर ठेवून उभी राहिली. तिचा नवरा गेल्यावर ही विहीरच तिचं घर चालवत होती. ती कोरडी पडलेली कशी दिसेल, हे तिने आजवर कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. आणायचं नाही म्हणूनच तर टाकी ओतत होती.

"मोज," ती शेवटी म्हणाली. "पण एक अट. नर्सरीवाल्यांची पण आत्ताच मोजायची, न सांगता. आणि मी बरोबर येणार."

पंप बंद करून दोघी थोडा वेळ पडद्यांना टाके घालत बसल्या. मग बाईंनी घरून फीत आणली. बझर वाजला तेव्हा पाणी मंगळवारच्या मापापेक्षा हातभर खाली होतं. नणंदेने आकडा पाहिला, मान हलवली आणि पायात चपला सरकवल्या.

नर्सरीवाले गुलाबाच्या कलमांना पाणी घालत होते. रविवारी, तेही दोघी दोघी, आणि हातात फीत, हे बघून त्यांनी झारी खाली ठेवली आणि उलट दिशेला निघाले. नणंदेने हाक मारून त्यांना थांबवलं. त्यांच्या कठड्यावर आतल्या काठाला नेचांच्या कुंड्या ओळीने ठेवलेल्या होत्या आणि त्यांची पानं आत लोंबत होती. दर मंगळवारी ते स्वतः पुढे होऊन एक कुंडी उचलायचे, तिच्यामागे ताजी लाल रेघ असायची, आणि तेवढ्यात ते एखाद्या रोपाबद्दल असं काही सांगायचे की बाई ऐकत राहायच्या. आज बाईंनी त्यांना रोपाबद्दल काही बोलायला सवड दिली नाही. त्यांनी सगळ्या कुंड्या उचलून खाली ठेवल्या.

कठड्यावर एक नव्हे, कितीतरी लाल रेघा होत्या. सगळ्यांत वरची फिकट आणि शेवाळलेली, तिच्या बाजूच्या कुंडीमागे चार बोटं खाली दुसरी, मग तिसरी, अशी शिडीच खाली उतरत गेली होती, आणि सगळ्यांत खालची परवा रंगवल्यासारखी लालभडक. पाणी उतरत होतं, आणि त्याच्याबरोबर रेघही एकेक पायरी उतरत होती. मग मापात फरक पडणार कसा?

नर्सरीवाल्यांनी एक कुंडी उचलून पोटाशी धरली. मग त्यांच्या तोंडून आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत मोठं भाषण बाहेर पडलं.

"पहिल्या वेळी शेवाळावर रंग बसेना, म्हणून जरा खाली मारली. खरंच. दुसऱ्या वेळी काय होतंय ते माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या वेळी मी ते लक्षात येऊ दिलं नाही."

नणंद इतकी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. चोराच्या मनात चांदणं ऐकलं होतं, ती म्हणाली, पण चांदण्याला रंग देणारा चोर पहिल्यांदा बघते आहे. ती तिथेच थांबली असती तर तिची मूठ झाकलेली राहिली असती. पण हसण्याच्या भरात माणसाचा हिशेब सुटतो. "तुम्ही निदान रंगावर भागवलंत," ती डोळे पुसत म्हणाली. "मी तर नळाचं पाणी ओतत होते."

आता नर्सरीवाल्यांची पाळी होती. ते मोठ्याने हसले नाहीत. फक्त त्यांचे खांदे हलत राहिले, आणि त्यांनी नणंदेला गुलाबाचं एक कलम काढून दिलं. का दिलं, ते कुणालाच कळलं नाही. नणंदेने ते घेतलं.

जुन्या फिकट रेघेवरून मोजलं तेव्हा इथेही पाणी हातभर उतरलेलं निघालं. उरलेल्या विहिरी तिघांनी मिळून त्याच दुपारी मोजून टाकल्या. त्या खाणीपासून लांब होत्या, खरोखरच फारशा हलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या मालकांनी नंबराचा नाद कधीच सोडून दिला होता.

सोमवारी सकाळी बैठकीआधी मापबाई इंजिनियर बाईंच्या टेबलापाशी गेल्या. फळा, टाकी, रेघा, सगळं एका दमात सांगितलं आणि चूक माझी म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी घरी नवऱ्याला सांगूनच ठेवलं होतं की आज नोकरी जाईल, तेव्हा संध्याकाळी पाव जास्त आण. इंजिनियर बाईंनी नकाशा पुढे ओढला आणि त्यांना हसू फुटलं.

"म्हणजे तुमच्या नणंदेच्या हट्टाचा मी मातीचा थर काढला."

"रंग मात्र छान जमला होता," मापबाई म्हणाल्या.

इंजिनियर बाईंनी खोडरबर घेतलं. पिवळं केळं पुसताना त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की चूक एकट्या तुमची नाही, आपल्याला हवा तसा आकडा आला की माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, मीही बघितलं नाही. तिथे भोक पाडून माती आहे का ते तपासायला हवं होतं. मग त्यांनी नवीन आकडे जोडून पाहिले. विहिरीपासून नळीपर्यंत पाण्याचा उतार कसा एकसारखा खाली येत होता, जसा गोट्यांच्या थरात यायला हवा तसा. त्या उतारावरून आणखी एक टप्पा खोल गेल्यावर काय होईल तेही दिसत होतं. नणंदेच्या विहिरीत तेव्हा गाळ तेवढा उरला असता.

बैठकीत मालकांचा चेहरा पडला. गेल्या आठवड्यात माती होती, ती या आठवड्यात गेली कुठे, असं त्यांनी विचारलं. माती नव्हतीच, माणसं होती, असं इंजिनियर बाईंनी सांगितलं. मुकादम खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला आणि बाहेर बराच वेळ हसत राहिला. मालकांनी परवानगीचा कागद मागवून उलटसुलट वाचला. पण अट कागदावर होती आणि आकडे समोर होते. चर खणून होईपर्यंत खड्डा खोल न्यायचा नाही, आणि तोवर दोन्ही घरांना खाणीने टँकरने पाणी द्यायचं, असं ठरलं. मापबाईंची नोकरी राहिली. फक्त मोजायला कधी येणार ते आता कुणालाही कळवायचं नाही, आणि किराणा दुकानाचा फळा किराणा दुकानाला परत.

टँकर मात्र नणंदेला नको होता. एवढा थोरला टँकर दारात उभा राहणार, म्हणजे गावभर दवंडीच. पहिल्या दिवशी ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की तो नर्सरीचा आहे, चुकून इकडे लागलाय. दुपारी हॉटेलचा माणूस चादरी घ्यायला आला. टँकरभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, बरं झालं ताई, तुम्ही पाण्याची वेगळी सोय करून ठेवलीत. आमच्या शेजारच्या हॉटेलच्या लाँड्रीवाल्याचं परवा पाणी गेलं, त्यांचं काम घ्याल का? नणंदेने टँकरच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली की सोय तर आधीपासून बघावीच लागते.

चर खणून झाला त्या दिवशी निम्मी वस्ती बघायला आली. खाणीतून आलेला जाड पाइप चराच्या तोंडाशी टेकवलेला होता. आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. ते गोट्यांवरून धावलं आणि बघता बघता दिसेनासं होऊ लागलं. एका टोकाला धो धो पडत होतं आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचतच नव्हतं. नर्सरीवाले काठावर उकिडवे बसून हळहळत होते, एवढं चांगलं पाणी आणि सगळं जातंय.

"जात नाहीये," मापबाई म्हणाल्या. "घरी चाललंय. तुम्ही इथेच बसलात तर तुमच्याआधी पोचेल."

ते खरंच उठून घरी गेले. अर्थात त्या दिवशी विहिरीत काही दिसलं नाही. पाणी जमिनीतून चालतं ते सावकाश चालतं, इंजिनियर बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, तरी नणंद दिवसातून दहादा कठड्यावरून वाकायची. आधी उतरणं थांबलं. मग एके दिवशी बोटभर चढलं, पुढे वीतभर. टँकर बंद झाला. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती, कारण आता खड्डा खोल जाणार होता.

खोदाई पुन्हा सुरू झाली, मोठे पंप लागले, आणि त्यांची घरघर वस्तीपर्यंत ऐकू यायला लागली. काठाच्या नळ्या पुन्हा उतरल्या, आधीपेक्षा जास्त. चर आणि वस्तीच्या मध्ये नव्याने पुरलेल्या नळ्यांतलं पाणी मात्र जागेवर होतं. मापबाई तिथून निघाल्या त्या थेट नणंदेकडे, भर कामाच्या वेळी. दोन हॉटेलांच्या चादरींचा ढीग दारापर्यंत आला होता. नणंदेने त्यांना बघितलं, पंप बंद केला आणि बाजूला येऊन उभी राहिली. आत वाकून बघायची तिची हिंमत होत नव्हती. तिने आपली नजर वहिनीच्या चेहऱ्यावर लावली.

थोडा वेळ जाऊ देऊन बाईंनी वजन सोडलं. फीत सरसरत गेली. पीं.

"किती?"

"मागच्या वेळी होतं तिथेच."

"नीट बघ. पुन्हा सोड."

बाईंनी पुन्हा सोडलं. बझर त्याच आकड्याला वाजला. नणंद म्हणाली की वजन कुठे दगडाला टेकलं असेल, जरा या बाजूने सोड. या बाजूने सोडलं. पीं. तोच आकडा. कुंपणापलीकडून नर्सरीवाल्यांचं डोकं वर आलं आणि त्यांनी एका शब्दात विचारलं, "आहे?" बाईंनी मान डोलावली तसं ते डोकं खाली गेलं आणि पलीकडून कुठल्यातरी रोपाला ती बातमी सांगितली जात असल्याचं ऐकू आलं.

नणंदेने पदराने तोंड पुसलं आणि पंपाच्या बटणावर हात ठेवला.

"झालं का मग? किती वेळ लावतेस एवढ्याशा कामाला, वहिनी. हो बाजूला, चादरी खोळंबल्यात."